सुरू न होणारी जुनी मोटार : विद्युत् दोषांचे निदान

भोपाळ शहरातील तात्या टोपे नगर ही वसाहत राजधानीच्या स्थापनेबरोबर वाढली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेश राज्याची राजधानी भोपाळ येथे आली. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या नागपूरहून अनेक शासकीय कर्मचारी कुटुंबांसह येथे बदलून आले. त्यांत मराठी भाषकांची संख्या लक्षणीय होती. या वसाहतीतील जवाहर चौक व त्याच्या भोवतालच्या शासकीय निवासस्थानांच्या रांगा पुढे अनेक दशके या कुटुंबांच्या परिचयाच्या राहिल्या. २०१६ नंतर स्मार्ट सिटी योजनेखाली या परिसराच्या पुनर्विकासाचे काम हाती घेण्यात आले आणि वसाहतीचे जुने रूप पालटू लागले.

त्या काळी शासकीय वाहन म्हटले म्हणजे अॅम्बॅसडर मोटार किंवा जीप आणि खाजगी वाहन म्हटले म्हणजे बहुधा अॅम्बॅसडर अथवा फियाट, असेच समीकरण होते. डिसेंबर १९८३ पासून त्यांत मारुती ८०० ची भर पडली. मारुती ८०० व अॅम्बॅसडर या दोन्ही गाड्यांचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. पद्मिनी या नावाने ओळखली जाणारी फियाट त्यापूर्वीच बंद झाली होती. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरणही बंद करण्यात आले. त्यामुळे आज ज्या जुन्या मोटारी रस्त्यावर दिसतात त्या मुख्यतः खाजगी मालकांच्या आहेत. नोंदणीची पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर वाहनाची तपासणी करवून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घेतलेल्या या गाड्या निवृत्त कर्मचारी, छंद म्हणून जुनी वाहने जतन करणारे आणि वडिलांची गाडी मोडीत काढण्यास मन न धजावणारी कुटुंबे यांच्याकडे आढळतात.

अशी मोटार एखाद्या सकाळी सुरू होत नाही, तेव्हा मालकापुढे दोन मार्ग असतात. पहिला मार्ग अंदाजाचा. बॅटरी बदलून पाहावी, मग कॉइल, मग सेल्फ. या मार्गाने तीन-चार सुटे भाग विकत घेऊनही मूळ दोष तसाच राहतो, असा अनुभव पुष्कळांना येतो. शिवाय जुन्या गाड्यांचे अस्सल सुटे भाग आता दुर्मिळ झाले असल्याने चांगला भाग काढून त्याजागी निकृष्ट भाग बसविला जाण्याचा धोका असतो. दुसरा मार्ग निदानाचा. दोष कोणत्या भागात आहे हे क्रमाक्रमाने निश्चित करावे आणि मगच खर्च करावा. हा दुसरा मार्ग अवघड नाही. त्यासाठी बारा व्होल्टचा एक लहान दिवा, दोन तारा, एक साधा व्होल्टमापक आणि थोडा धीर एवढीच सामग्री पुरते.

यंत्रणेची रूपरेषा

मोटार सुरू करण्याशी संबंधित विद्युत् यंत्रणेचे तीन विभाग पडतात. पहिला विभाग आरंभक यंत्रणेचा. बॅटरी, जाड तारा, सोलेनॉइड आणि सेल्फ या नावाने ओळखली जाणारी विद्युत् मोटर यांचा त्यात समावेश होतो. मोटारगाडीत विजेवर चालणारा आरंभक प्रथम १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बसविण्यात आला. त्यापूर्वी इंजिन हाताने दांडा फिरवूनच सुरू करावे लागे. दुसरा विभाग प्रज्वलन यंत्रणेचा. किल्लीचा स्विच, कॉइल, डिस्ट्रिब्यूटर, पॉइंट, कन्डेन्सर आणि प्लग हे त्याचे घटक होत. तिसरा विभाग भारण यंत्रणेचा. इंजिन चालू असताना डायनामो किंवा आल्टरनेटर बॅटरीत वीज परत भरतो.

या तिन्ही विभागांत एक गोष्ट समान आहे. बॅटरीपासून उपकरणापर्यंत वीज तारेने जाते, परंतु परत येताना ती गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून येते. या परतीच्या मार्गाला कारागीर अर्थिंग म्हणतात. जाण्याची तार सर्वांना दिसते. परतीचा मार्ग डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यातील दोष बहुधा सर्वांत शेवटी लक्षात येतो.

१९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बनलेल्या अनेक ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांमध्ये बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. नंतरच्या गाड्यांत ऋण टोक सांगाड्याला जोडण्याची पद्धत रूढ झाली. म्हणून फार जुन्या गाडीला हात लावण्यापूर्वी बॅटरीवरील धन व ऋण खुणा पाहून कोणते टोक सांगाड्याला जोडले आहे याची खात्री करून घेणे आवश्यक आहे.

पहिला प्रश्न : इंजिन फिरते काय?

निदानाचा आरंभ एका प्रश्नापासून करावा. किल्ली फिरविली किंवा सेल्फचे बटण दाबले असता इंजिन फिरते काय? इंजिन नेहमीच्या वेगाने फिरत असेल आणि तरीही पेट घेत नसेल, तर बॅटरी व सेल्फ सामान्यतः ठीक आहेत असे समजून प्रज्वलन यंत्रणेकडे वळावे. इंजिन फिरतच नसेल किंवा संथपणे फिरत असेल, तर प्लग व पॉइंट यांना हात लावण्याचे कारण नाही. या एका प्रश्नाने निम्मे काम वाचते.

इंजिन फिरत नसेल तर पुढील चाचणी दिव्यांची. पुढचे मोठे दिवे लावावेत आणि दुसऱ्या व्यक्तीस सेल्फ मारण्यास सांगून दिव्यांकडे पाहावे. चार प्रकार संभवतात.

पहिला, दिवे एकदम विझतात किंवा अगदी मंद होतात. अशा वेळी बॅटरी उतरलेली असते, अथवा बॅटरीच्या टोकांवरील किंवा अर्थिंगची जोडणी सदोष असते.

दुसरा, दिवे जसेच्या तसे प्रखर राहतात आणि कोणताही आवाज येत नाही. याचा अर्थ सेल्फपर्यंत वीज पोहोचतच नाही. स्विच, सोलेनॉइड किंवा त्यांना जोडणारी बारीक तार यांत खंड आहे. सेल्फच्या आतील ब्रश झिजून टेकेनासे झाले असले तरीही हेच लक्षण दिसते.

तिसरा, दिवे बरेच मंद होतात पण इंजिन हलत नाही. येथे वीज ओढली जाते, मात्र काम होत नाही. बॅटरी अशक्त असेल किंवा सेल्फचे लहान दातेरी चाक इंजिनाच्या मोठ्या चाकात अडकून बसले असेल.

चौथा, सेल्फ घोंगावत फिरतो पण इंजिन स्तब्ध राहते. अशा वेळी लहान दातेरी चाक पुढे सरकून मोठ्या चाकात गुंतत नाही. ते ज्या आट्यांवर सरकते तेथे मळी साचलेली असते.

बॅटरी

मोटारीची बॅटरी सहा कोशांची असते. प्रत्येक कोशाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट असल्याने पूर्ण भारलेल्या व काही तास स्वस्थ ठेवलेल्या बॅटरीच्या टोकांवर १२.६ ते १२.७ व्होल्ट मिळावेत. १२.२ व्होल्टच्या आसपास दाब असेल तर बॅटरी निम्मी उतरली आहे आणि १२ व्होल्टहून खाली असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे असे समजावे. परंतु केवळ या आकड्यावर विसंबू नये. स्वस्थ असताना १२.५ व्होल्ट दाखविणारी जुनी बॅटरी भार पडताच कोसळू शकते. म्हणून सेल्फ मारत असताना व्होल्टमापक बॅटरीच्या टोकांवर धरावा. दाब ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर ती प्रथम पूर्ण भारून घ्यावी आणि चाचणी पुन्हा करावी. भारल्यानंतरही तोच परिणाम दिसल्यास बॅटरी निकामी समजावी.

ज्या बॅटरीची झाकणे उघडता येतात तिची तपासणी हायड्रोमीटरने अधिक विश्वसनीय रीतीने होते. पूर्ण भारलेल्या कोशातील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व बॅटरीच्या प्रकारानुसार १.२४० ते १.२८० असते. उतरलेल्या कोशात ते १.१२० च्या आसपास येते. येथे आकड्यापेक्षा कोशाकोशांतील तफावत महत्त्वाची आहे. पाच कोश सारखे आणि एक कोश त्यांच्यापेक्षा ०.०५० ने कमी असेल, तर तो कोश बिघडला आहे. अशी बॅटरी कितीही वेळ भारली तरी उपयोग होत नाही.

भोपाळसारख्या ठिकाणी मे महिन्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. या उष्णतेत बॅटरीतील पाणी लवकर उडते, पट्ट्या उघड्या पडतात आणि त्यांवर गंधकाम्लाचे कठीण क्षार जमतात. बॅटरीचे खरे नुकसान उन्हाळ्यात होते, पण ते उघडकीस येते डिसेंबर-जानेवारीच्या थंड सकाळी, जेव्हा इंजिनातील तेल घट्ट झालेले असते आणि सेल्फला अधिक जोर लावावा लागतो. म्हणून बॅटरीत ऊर्ध्वपातित पाणी घालण्याची खरी दक्षता उन्हाळ्यात, दर पंधरवड्याने घेतली पाहिजे. नळाचे पाणी किंवा जादा आम्ल कधीही घालू नये.

जोडण्या व अर्थिंग

जुन्या मोटारींत जोडण्यांचे दोष वारंवार आढळतात, आणि त्यांबाबत गैरसमजही बराच असतो. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, म्हणजे बॅटरी व तारा ठीक आहेत, असे अनेकांना वाटते. हा तर्क अपुरा आहे. त्याचे कारण साध्या गणिताने समजते.

समजा, बॅटरीच्या टोकावर साचलेल्या पांढऱ्या-हिरव्या क्षारामुळे जोडणीत ०.०१ ओहम इतका अल्प रोध निर्माण झाला आहे. मोठे दिवे सुमारे १० अँपिअर प्रवाह घेतात. त्यांच्या मार्गात या रोधामुळे केवळ ०.१ व्होल्ट दाब वाया जातो. दिव्यांच्या प्रकाशात डोळ्यांना फरक जाणवत नाही. परंतु सेल्फ इंजिन फिरविताना १५० अँपिअर प्रवाह घेत असेल तर त्याच जोडणीवर १.५ व्होल्ट वाया जातात. अशा दोन-तीन जोडण्या सदोष असल्या की बारा व्होल्टांपैकी सेल्फच्या वाट्याला सात-आठ व्होल्टच येतात. इंजिन संथ फिरते किंवा मुळीच फिरत नाही, आणि दोष चांगल्या बॅटरीच्या माथी मारला जातो.

हा दोष शोधण्याची रीत पुढीलप्रमाणे आहे. व्होल्टमापकाचे एक टोक बॅटरीच्या ज्या टोकाचे अर्थिंग केले आहे त्या शिशाच्या खुंटावरच टेकवावे, त्यावर बसविलेल्या पट्टीवर नव्हे. दुसरे टोक इंजिनाच्या स्वच्छ धातूवर टेकवावे. इंजिन पेट घेऊ नये म्हणून कॉइलची बारीक तार सोडून ठेवावी आणि काही सेकंद सेल्फ मारावा. मापकाने ०.५ व्होल्टपेक्षा अधिक दाखविल्यास परतीच्या मार्गात दोष आहे. मग मापकाचे टोक क्रमाने पट्टीवर, तारेवर, सांगाड्यावर आणि इंजिनावर ठेवीत गेल्यास दाब जेथे एकदम वाढतो तेथेच सदोष जोडणी सापडते. हीच चाचणी बॅटरीच्या दुसऱ्या टोकापासून सेल्फच्या खुंटापर्यंतही करावी.

इंजिन रबराच्या आधारांवर बसविलेले असल्याने त्याचा सांगाड्याशी विद्युत् संबंध केवळ एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीने राहतो. ही पट्टी तुटली, गंजली किंवा दुरुस्तीच्या वेळी बसवायची राहून गेली, तर सेल्फचा प्रचंड प्रवाह दुसरी वाट शोधतो. कार्ब्युरेटरकडे जाणारी पोलादी तार किंवा वेगमापकाची तार ही त्याची नवी वाट होते. सेल्फ मारल्यावर अशी तार तापत असेल वा तिच्यातून धूर येत असेल तर काम तत्काळ थांबवावे. पेट्रोलच्या सान्निध्यात लाल झालेली तार ही आगीला आमंत्रण देणारी गोष्ट आहे.

जोडण्या साफ करण्यासाठी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवून क्षार धुवावेत, खुंट व पट्टी पॉलिश कागदाने चकचकीत करावीत, घट्ट आवळावीत आणि वरून व्हॅसलिनचा पातळ लेप द्यावा. या कामाला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

सेल्फ व सोलेनॉइड

बॅटरी व जोडण्या निर्दोष आढळल्यानंतरच सेल्फकडे वळावे. सेल्फ मारताना सोलेनॉइडमधून एकच टक् असा आवाज येत असेल आणि दिवे मंद होत नसतील, तर सोलेनॉइडच्या आतील तांब्याची चकती जळालेली असण्याचा संभव असतो. सोलेनॉइडच्या दोन जाड खुंटांवर व्होल्टमापक लावून सेल्फ मारावा. सोलेनॉइडचा स्पर्श बरोबर होत असेल तर मापक शून्याजवळ येतो. तो बारा व्होल्टच दाखवीत राहिला तर सोलेनॉइड जोडणी करीत नाही असे ठरते.

जुन्या अॅम्बॅसडरमध्ये सेल्फचे दातेरी चाक अडकणे ही परिचित तक्रार होती. अशा वेळी किल्ली बंद करून, गाडी वरच्या गिअरमध्ये घालून, ती मागेपुढे हलविल्यास चाक बहुधा सुटते. ज्या सेल्फच्या मागील टोकास चौकोनी शेंडा असतो तेथे पान्याने तो शेंडा फिरवूनही चाक मोकळे करता येते.

दांडा फिरवून इंजिन सुरू करण्याची सोय असलेल्या गाड्यांत एक दक्षता अवश्य घ्यावी. इंजिन उलट झटका देण्याचा धोका असतो. म्हणून दांडा धरताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा आणि दांडा वर ओढावा, खाली दाबू नये. गाडी न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री प्रथम करावी.

इंजिन फिरते, पण पेट घेत नाही

आता दुसऱ्या शाखेकडे वळू. प्रज्वलन यंत्रणेचे कार्य थोडक्यात असे आहे. किल्ली चालू केल्यावर बॅटरीची वीज कॉइलच्या आतील जाड वेटोळ्यातून जाऊन डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंटमार्गे सांगाड्यात उतरते. इंजिन फिरताना पॉइंट उघडतात, प्रवाह क्षणात तुटतो आणि कॉइलमधील हजारो फेऱ्यांच्या बारीक वेटोळ्यात कित्येक हजार व्होल्टचा दाब निर्माण होतो. हा दाब रोटर व कॅपमार्फत क्रमाने प्रत्येक प्लगकडे जातो आणि तेथे ठिणगी पडते. प्रवाह तुटताना पॉइंटवरच ठिणगी पडू नये, ही कामगिरी कन्डेन्सरची.

प्रथम ठिणगी पाहावी. कॉइलमधून कॅपच्या मध्यभागी येणारी जाड तार कॅपमधून काढून, कोरड्या व विद्युतरोधक मुठीच्या पकडीने तिचे टोक इंजिनाच्या धातूपासून सुमारे ६ मिलिमीटर अंतरावर धरावे आणि सेल्फ मारण्यास सांगावे. आसपास पेट्रोलची गळती वा वास नाही याची खात्री त्यापूर्वी करावी. ठणठणीत निळसर ठिणगी पडत असेल तर कॉइल, पॉइंट व कन्डेन्सर ठीक आहेत. दोष कॅप, रोटर, जाड तारा किंवा प्लग यांत शोधावा. ठिणगी पिवळी व क्षीण असेल तर कन्डेन्सर, पॉइंट किंवा कॉइल यांपैकी एक अशक्त आहे. ठिणगी मुळीच नसेल तर चाचणी दिव्याचा उपयोग करावा.

चाचणी दिव्याचे एक टोक सांगाड्याला व दुसरे टोक कॉइलच्या त्या खुंटाला लावावे, ज्यापासून बारीक तार डिस्ट्रिब्यूटरकडे जाते. किल्ली चालू ठेवून इंजिन हळूहळू फिरवावे. यंत्रणा निर्दोष असल्यास पॉइंट उघडताच दिवा लागतो व मिटताच विझतो. दिवा सतत लागलेला राहिला तर पॉइंट मिटत नाहीत, त्यांवर काजळी किंवा तेल आहे, अथवा डिस्ट्रिब्यूटरचे अर्थिंग तुटले आहे.

दिवा लागतच नसेल तर त्याचे टोक कॉइलच्या दुसऱ्या, म्हणजे किल्लीकडून वीज येणाऱ्या खुंटाला लावावे. येथेही दिवा लागला नाही तर वीज कॉइलपर्यंत येत नाही. दोष किल्लीच्या स्विचमध्ये किंवा त्याच्या तारेत आहे. येथे दिवा लागला, पण पहिल्या खुंटावर लागत नाही, असे असेल तर डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी बारीक तार कॉइलवरून सोडावी आणि पहिल्या खुंटावर दिवा पुन्हा लावून पाहावा. आता दिवा लागला तर कॉइल चांगली आहे आणि दोष डिस्ट्रिब्यूटरमध्ये आहे. पॉइंट उघडत नाहीत, कन्डेन्सर आतून सांगाड्याला चिकटला आहे किंवा आतील बारीक तारेचे आवरण घासून ती धातूला लागली आहे. तरीही दिवा लागला नाही तर कॉइलचे वेटोळे तुटले आहे. अशा प्रकारे एका दिव्याने पाच मिनिटांत दोष एका भागापुरता मर्यादित होतो.

लुकास पद्धतीची विद्युत् यंत्रणा असलेल्या गाड्यांत तारांचे रंगही मार्गदर्शन करतात. तपकिरी तार बॅटरीकडून थेट वीज आणते. पांढरी तार किल्ली चालू केल्यावर जिवंत होते आणि कॉइलकडे जाते. हिरव्या तारा किल्ली व फ्यूज या दोहोंतून येतात, जांभळ्या तारांत फ्यूजमार्गे सदैव वीज असते, तर काळी तार अर्थिंगची असते. या पद्धतीत कॉइलच्या पांढऱ्या तारेवर सामान्यतः फ्यूज नसतो. म्हणून ती कोठेही घासून धातूला लागल्यास तिचे आवरण जळू शकते. अनेक हातांखालून गेलेल्या गाडीत मात्र रंगांवर पूर्ण भिस्त ठेवू नये.

पॉइंटमधील अंतर लुकास डिस्ट्रिब्यूटरमध्ये सामान्यतः ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असते. इतर गाड्यांत ते मार्गदर्शक पुस्तिकेनुसार ठेवावे. पॉइंट जळून खड्डे पडत असतील तर कन्डेन्सर संशयास्पद समजावा. गाडी गरम झाल्यावर बंद पडणे आणि अर्ध्या तासाने निवल्यावर पुन्हा सुरू होणे, हे लक्षण उन्हाळ्यात विशेष दिसते. पेट्रोलची वाफ धरणे हे त्याचे एक कारण असले, तरी तापल्यावर कॉइल किंवा कन्डेन्सर निकामी होणे हे दुसरे कारण आहे. गाडी बंद पडताच ठिणगी तपासली तर दोहोंतील फरक तेव्हाच कळतो.

किल्ली चालू ठेवून इंजिन बंद अवस्थेत गाडी सोडून जाऊ नये. पॉइंट मिटलेले असल्यास सुमारे ३ ओहम रोधाच्या कॉइलमधून ४ अँपिअर प्रवाह सतत वाहतो. तो बॅटरी उतरवतो आणि कॉइलही तापवून निकामी करतो.

पावसाळ्यातील अडचण

जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत हवेतील ओलाव्यामुळे डिस्ट्रिब्यूटर कॅपच्या आत दव साचते. उच्च दाबाची वीज प्लगकडे न जाता या ओल्या पृष्ठभागावरून सांगाड्यात निसटते. कॅप काढून आतून-बाहेरून कोरड्या सुती फडक्याने पुसावी, जाड ताराही पुसाव्यात. कॅपच्या आत केसासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ती वीज निसटण्याची कायमची वाट होय. अशी कॅप पुसून सुधारत नाही, ती बदलावीच लागते. कॅपच्या मध्यभागी असलेला लहान कार्बनचा ब्रश जागेवर आहे व स्प्रिंगवर हलतो, हेही पाहावे. जाड तारा काढण्यापूर्वी त्यांचा क्रम लिहून ठेवावा. अॅम्बॅसडर व फियाट यांच्या चार सिलिंडरांचा प्रज्वलनक्रम १-३-४-२ असा आहे. दोन तारांची अदलाबदल झाली तर एरवी निर्दोष असलेली गाडीही नीट सुरू होत नाही.

ठिणगी चांगली असून प्लग काढल्यावर कोरडे आढळले, तर दोष विजेचा नसून पेट्रोलच्या पुरवठ्याचा आहे. प्लग पेट्रोलने भिजलेले आढळले, तर ते वाळवून काही वेळाने पुन्हा प्रयत्न करावा.

बॅटरी वारंवार उतरत असल्यास

दुसऱ्या गाडीच्या साहाय्याने मोटार सुरू झाली म्हणजे निदान संपले असे नाही. बॅटरी का उतरली, या प्रश्नाचे उत्तर मिळणे आवश्यक आहे. त्याची दोनच कारणे संभवतात. वीज पुरेशी भरली जात नाही, किंवा गाडी उभी असताना ती गळते.

भरण तपासण्यासाठी इंजिन मध्यम वेगाने चालवून बॅटरीच्या टोकांवर व्होल्टमापक धरावा. आल्टरनेटर असलेल्या गाडीत १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळावेत. दाब साडेबारा व्होल्टवरच अडला असेल तर प्रथम पट्टा तपासावा. तो सैल असेल किंवा तेलकट असेल तर आल्टरनेटर पुरेसा फिरत नाही. डायनामो असलेल्या गाडीत कट-आउटचे पॉइंट चिकटले असतील तर इंजिन बंद झाल्यावर बॅटरीची वीज उलट डायनामोत वाहते आणि तो तापतो. असे आढळल्यास बॅटरीची तार तत्काळ सोडावी.

गळती शोधण्यासाठी सर्व दिवे व किल्ली बंद करून बॅटरीच्या एका टोकाची तार सोडावी आणि टोक व तार यांच्यामध्ये चाचणी दिवा जोडावा. दिवा लागला तर गळती आहे. मग एकेक फ्यूज काढीत जावे. ज्या फ्यूजबरोबर दिवा विझतो त्या मार्गात दोष असतो. सर्व फ्यूज काढूनही दिवा लागलेला राहिला तर फ्यूज नसलेल्या तारा, डायनामो अथवा आल्टरनेटर यांचा विचार करावा. डिकीतील पाच वॉटचा लहान दिवा चालू राहिला तर तो सुमारे ०.४ अँपिअर घेतो आणि ४० अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी चार दिवसांत रिकामी करतो. महिन्यातून एकदा चालविल्या जाणाऱ्या गाडीस एवढी गळती पुरेशी आहे. अशा गाडीच्या बॅटरीची तार उभ्या काळात सोडून ठेवणे श्रेयस्कर.

दक्षता

भारल्या जाणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. तिच्याजवळ काडी ओढणे, विडी पेटविणे किंवा तारांच्या टोकांनी ठिणगी पाडून वीज आहे काय हे पाहणे अत्यंत धोक्याचे आहे. काम करण्यापूर्वी हातातील अंगठी व धातूचे घड्याळ काढून ठेवावे.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची मदत घेताना धन टोक धन टोकालाच जोडावे. ऋण अर्थिंगच्या गाड्यांत ऋण तारेचे शेवटचे टोक उतरलेल्या बॅटरीवर न लावता इंजिनाच्या धातूवर, बॅटरीपासून दूर लावावे. दोन गाड्यांचे सांगाडे एकमेकांस टेकू देऊ नयेत. एक गाडी धन अर्थिंगची व दुसरी ऋण अर्थिंगची असेल तर ही दक्षता विशेष महत्त्वाची ठरते. आल्टरनेटर असलेल्या गाडीत इंजिन चालू असताना बॅटरीची तार कधीही सोडू नये. पूर्ण उतरलेल्या बॅटरीवर अशी गाडी धक्का देऊनही सहसा सुरू होत नाही, कारण आल्टरनेटरला आरंभी थोडी वीज बॅटरीकडूनच मिळावी लागते.

२००० च्या सुमारास मारुती ८०० व इतर गाड्यांत पेट्रोलचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले. त्या गाड्यांत पॉइंट नसतात. त्यांच्या नियंत्रक पेटीच्या तारांना साधा चाचणी दिवा लावल्यास पेटी निकामी होऊ शकते. त्यांच्या बाबतीत बॅटरी, जोडण्या व अर्थिंग यांच्या येथे सांगितलेल्या चाचण्या तेवढ्या कराव्यात आणि पुढील काम जाणकारावर सोपवावे.

नोंदवही

शासकीय वाहनांसाठी नोंदवही ठेवण्याची पद्धत होती. खाजगी मालकांनीही ती अनुसरावी. स्वस्थ बॅटरीचा दाब, सेल्फ मारतानाचा दाब, भरणाचा दाब, पाणी घातल्याची तारीख आणि बदललेले भाग, एवढ्या नोंदी दर तीन महिन्यांनी केल्या तरी पुरे. मागील वर्षी सेल्फ मारताना १०.८ व्होल्ट दाखविणारी बॅटरी या वर्षी १०.१ दाखवीत असेल, तर ती बदलण्याची वेळ जवळ आली आहे हे आधीच कळते. जुनी मोटार अनेकदा घरातील वृद्धांसाठी राखून ठेवलेली असते आणि तिची खरी गरज रात्री-अपरात्री रुग्णालयात जाताना लागते. त्या वेळी व्होल्टमापक हाती घेण्यास अवधी नसतो. म्हणून ही तपासणी दिवसाउजेडी, सवडीने आणि गाडी व्यवस्थित चालत असतानाच करून ठेवावी.